कॉलनीभोवतीचं पिवळं वलय दिसत नाही, टिकत नाही किंवा खोटं दिसतं: काय तपासावं

आम्लात पिवळा होणारा ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग घातलेल्या जांभळ्या आगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, दह्याच्या जिवाणूंची कॉलनी (एका जागी वाढलेला ठिपका) मस्त वाढते, पण भोवती पिवळं वलय येतच नाही. किंवा सकाळी सुरेख गोल दिसतो आणि दुपारी सारी प्लेट पिवळी. किंवा डोळ्याला वलय दिसतं, पण फोटोवरून पीएच काढायला बसलं की दर वेळी आकडे वेगळेच. आमचं कॉलेज पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सुरू झाले की या तीन तक्रारी आमच्या प्रयोगशाळेत ठरलेल्या. "मॅडम, काल तं गोल दिसत होता, आज सारी प्लेट पिवळी!" असं म्हणत पोरं प्लेट घेऊन येतात आणि लगेच विरजण बदलायच्या गोष्टी सुरू होतात. अकोला, बुलडाणा, यवतमाळकडच्या सहकाऱ्यांकडूनही हेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझा अनुभव असा की बहुतेक वेळा जिवाणू आपलं काम चोख करत असतात. त्यांनी तयार केलेलं आम्ल प्लेटमध्येच कुठेतरी गिळलं जातं, सपाट होतं किंवा कॅमेऱ्यात हरवतं. म्हणून विरजणावर शंका घेण्याआधी प्लेटची चौकशी करा.

पहिली तपासणी जिवाणूंशिवाय

नेहमीसारखी प्लेट ओता, पण तिच्यावर काही पेरू नका. प्रयोगशाळेतलं लॅक्टिक आम्ल पातळ करून २ टक्क्यांचं द्रावण करा आणि त्याचा १० मायक्रोलिटरचा एकच थेंब प्लेटच्या मधोमध सोडा. थेंब जिरला की घड्याळ लावा आणि तासभर दर दहा मिनिटांनी फोटो घ्या.

या थेंबात २०० मायक्रोग्रॅम आम्ल आहे, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. त्यामुळे आता उत्तर फक्त प्लेटच देऊ शकते. कमी बफरच्या (आम्ल गिळून पीएच धरून ठेवणाऱ्या घटकांच्या) चांगल्या माध्यमावर साधारण सेंटिमीटरभर रुंदीचा, कडेला हिरवट-करडा होत जांभळ्यात विरणारा गोल दिसतो. गोल लहानसाच राहिला आणि बघता बघता पुसला गेला, तर माध्यम आम्ल खातंय. गोल नीट दिसतो पण फोटोत येत नाही, तर दोष प्रकाशाचा किंवा कॅमेऱ्याचा. गोल आणि फोटो दोन्ही ठीक आणि तरीही कॉलनीभोवती वलय नाही, तेव्हाच विरजणाकडे, तापमानाकडे आणि साखरेकडे वळा. तासाभराच्या या कामानं आठवड्याची उलथापालथ वाचते. माझ्याकडे कुणीही तक्रार घेऊन आलं की मी आधी हा थेंब टाकायला लावते.

पाणी: आपल्या भागातला सगळ्यात मोठा चोर

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याचं पाणी खारट तर आहेच, पण त्यात सोडियम बायकार्बोनेटही भरपूर असतं. उन्हाळ्यात प्रयोगशाळेचं डिस्टिलेशन युनिट बंद पडतं, कारण ते थंड ठेवायलाच बादल्या बादल्या पाणी लागतं आणि नळ तर काही दिवसांआड येतो. मग माध्यम करायला बोअरचं पाणी घेतलं जातं आणि घोळ इथूनच सुरू होतो.

हिशोब मांडून पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्षारतेची, म्हणजे आम्ल मारण्याच्या ताकदीची, स्वीकार्य मर्यादा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं) लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा आपल्या पाण्याची क्षारता ५०० आहे. म्हणजे लिटरमागे १० मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्कलीचा हिशोब मांडायचं एकक). तेवढं मारायला लॅक्टिक आम्ल लागेल लिटरमागे सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणजे २० मिलिलिटरच्या एका प्लेटला १८ मिलिग्रॅम. आपल्या चाचणीच्या थेंबात होतं ०.२ मिलिग्रॅम. कॉलनी जे आम्ल सोडते त्याचा पहिला मोठा वाटा हे पाणीच घेतं, आणि वलय अरुंद होतं किंवा दिसतच नाही. पिण्यासाठी चालणारं पाणी इथे चालेल असं धरून बसू नका.

दुसरी गोम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं माध्यम निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये आहे. माध्यमाचा पीएच आधी ६.८ ला आणून ठेवलेला असतो. तापवल्यावर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कार्बोनेट मागे राहतं आणि पीएच वर चढतो. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर कार्बोनेट पांढरा थर होऊन बाटलीच्या तळाशी बसतं आणि क्षारता थोडी तरी कमी होते. सोडियमचं कार्बोनेट मात्र विरघळलेलंच राहतं, त्यामुळे खारपाणपट्ट्यात ही सूटही मिळत नाही. म्हणून पीएच नेहमी ऑटोक्लेव्हनंतर मोजा. तोही बाटलीत मोजून थांबू नका. गोठलेल्या प्लेटचा छोटा तुकडा कापून इलेक्ट्रोडच्या टोकाला दाबून धरा आणि मोजा.

पाणी बिघडलंय हे रंगावरूनही ओळखता येतं. पाणी अल्कधर्मी असेल तर माध्यमातलं लॅक्टोज (दुधातली साखर) आणि ट्रिप्टोन (प्रथिनांपासून केलेलं जिवाणूंचं खाद्य) एकत्र तापल्यावर माध्यम तपकिरी होतं. हा तपकिरी रंग पिवळ्यासारखाच निळा प्रकाश शोषतो. फोटोतून पीएच काढणाऱ्याला मग कॉलनी नसलेल्या जागीही आम्ल दिसायला लागतं. तयार माध्यमाला चहाच्या पाण्यासारखी झाक आली असेल, तर ते फेकून द्या.

पाण्याची क्षारता घरच्या घरी मोजता येते. १०० मिलिलिटर पाणी घ्या, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं रंग पालटेपर्यंत टायट्रेट करा. जितके मिलिलिटर आम्ल लागलं, त्याला १० नं गुणलं की लिटरमागची क्षारता मिलिग्रॅममध्ये मिळते. या कामासाठी मी ५० च्या वरचं पाणी वापरू देत नाही. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार दाखवतो, त्यात बायकार्बोनेट किती हे त्याला कळत नाही. गावातल्या आरओ प्लांटचा जारही दर वेळी सारखा नसतो, म्हणून प्रत्येक जार तपासा.

डिस्टिल्ड पाणी नसेल तर दोन वाटा आहेत. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे बॅटरीत भरायचं डिमिनरलाइज्ड पाणी मिळतं, ते बहुतेक वेळा चालतं. मात्र त्याचा पीएच आधी मोजा, आणि बॅटरीचं आम्ल चुकूनही आणू नका. दुसरी वाट म्हणजे आहे त्याच पाण्यातलं बायकार्बोनेट मारणं. पाण्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं टाकत पीएच ४.५ च्या खाली न्या. मग दहा मिनिटं खळखळ उकळा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. निवल्यावर माध्यमाचे घटक घाला आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ६.८ वर आणा. १० मिलीइक्विव्हॅलंट क्षारतेच्या जागी लिटरला जेमतेम ०.६ ग्रॅम मीठ उरतं आणि दह्याच्या जिवाणूंना त्याचं काही वाटत नाही. पाणी मुळातच तोंडाला खारट लागत असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, दुसरं पाणी आणावंच लागतं.

नावाजलेलं माध्यम, पण या कामाला चुकीचं

लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू म्हटलं की हात आपसूक एमआरएस किंवा एम१७ च्या डब्याकडे जातो. दोन्ही माध्यमं उत्तम आहेत, पण ती जिवाणू भरभरून वाढावेत म्हणून बनवली आहेत. आपल्याच आम्लानं जिवाणू लवकर थांबू नयेत यासाठी त्यांत मुद्दाम बफर घातलेला आहे. एमआरएस १९६० चं. त्यात लिटरला ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट, २ ग्रॅम फॉस्फेट आणि २ ग्रॅम अमोनियम सायट्रेट असतं. एम१७ १९७५ चं, लॅक्टोकॉकस या लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूसाठी खास तयार केलेलं, आणि त्यात तर लिटरला १९ ग्रॅम बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असतं. अशा माध्यमावर वलय शोधणं म्हणजे काळ्या मातीवर सांडलेलं पाणी शोधणं.

एमआरएसचं आणखी एक आहे. त्याचा सुरुवातीचा पीएच ६.२ ते ६.५ च्या आसपास असतो. ब्रोमोक्रेसॉल पर्पल ६.८ च्या वर पूर्ण जांभळा आणि ५.२ च्या खाली पूर्ण पिवळा असतो. म्हणजे प्लेट सुरुवातीलाच मळकट मधल्या रंगाची असते आणि कॉलनीला दाखवायला अर्धीच जागा उरते.

आम्ही वापरतो ते माध्यम साधं आहे. लिटरला ट्रिप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम, लॅक्टोज १० ग्रॅम, आगार १५ ग्रॅम, ब्रोमोक्रेसॉल पर्पल ३० मिलिग्रॅम आणि पीएच ६.८. फॉस्फेट अजिबात घालत नाही. कॉलनी एमआरएसपेक्षा लहान येतात, ते चालतं. रंगाची पूड थेट पाण्यात नीट विरघळत नसेल तर तुमच्याकडे तिचं आम्लरूप आहे, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. सोडियम मीठ असेल तर ते पाण्यात सरळ विरघळतं.

वलयाची रुंदी मोजून "ही जात जास्त आम्ल करते" असं सरळ लिहू नका. तीच कॉलनी, तेवढंच आम्ल, पण बफर दुप्पट केला तर वलय लहान होतं. दोन जातींची तुलना करायची तर एकाच बाटलीतून, एकाच दिवशी ओतलेल्या प्लेटवरच करा.

वलयाच्या आतला भाग सपाट पिवळा दिसतो, त्यात काही उतार, म्हणजे मधून बाहेर जाताना पीएचमध्ये होणारा बदल, दिसत नाही, अशीही तक्रार येते. तिथे उतार आहे, हा रंग तो दाखवू शकत नाही. दह्याचे जिवाणू पीएच ४.५ पर्यंत सहज उतरतात आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल ५.२ लाच संपतो. दुसरी प्लेट ब्रोमोक्रेसॉल ग्रीन घालून करा. तो ५.४ ला निळा असतो आणि ३.८ ला पिवळा होतो. दोन्ही रंग एकाच प्लेटमध्ये मिसळू नका, नंतर ते वेगळे काढता येत नाहीत.

सकाळी गोल, दुपारी सारी प्लेट पिवळी

इथे वेळ चुकलेली असते. पाण्यात आणि पातळ आगारात लॅक्टिक आम्लाचा प्रसरणांक, म्हणजे ते किती वेगानं पसरतं ते सांगणारा आकडा, सेकंदाला सुमारे १०⁻⁹ चौरस मीटर असतो. त्यावरून अंदाज काढला तर १ मिलिमीटर अंतर पार करायला साधारण ८ मिनिटं लागतात. १ सेंटिमीटरला मात्र दहापट नाही, शंभरपट वेळ लागतो, म्हणजे १४ तासांच्या आसपास. बफर असेल तर रंगाची कड याहून हळू सरकते. संध्याकाळी पेरलेल्या प्लेटवर पहाटे कॉलनी आम्ल सोडायला लागली, की उतार दिसायचा काळ सकाळ-दुपारचाच. रात्रीपर्यंत शेजारच्या वलयांच्या कडा एकमेकींत मिसळतात.

म्हणून प्लेटवर गर्दी करू नका. पातळ करून पसरण्यापेक्षा निर्जंतुक टूथपिकनं चार-पाच ठिकाणी टिपके द्या, एकमेकांपासून किमान अडीच-तीन सेंटिमीटरवर आणि कडेपासूनही तितकेच आत. कडेला आम्लाला पुढे जायला वाट नसते, ते तिथे साचतं आणि वलय एका बाजूला फुगतं.

फ्रिजबद्दल जरा जास्तच सांगते, कारण ही समजूत फार पक्की आहे. शनिवारी प्लेट फ्रिजमध्ये ठेवायची आणि सोमवारी निवांत फोटो काढायचे. फ्रिजमध्ये जिवाणू थांबतात, आम्ल थांबत नाही. ४ अंशांना त्याचा प्रसरणाचा वेग ३० अंशांच्या मानानं निम्म्याच्या आसपास येतो, बस. दोन रात्रींत तुमचा सगळा उतार सपाट होतो, आणि नवं आम्ल येत नसल्यानं तो परत उभाही राहत नाही. फोटो काढायची वेळ आधी ठरवा आणि त्या हिशोबानं पेरा. मोबाईल स्टँडवर लावून दर पंधरा मिनिटांनी आपोआप फोटो घेण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती सगळ्यात बरी.

जाडीकडेही लक्ष द्या. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २० मिलिलिटर ओतलं की तीन मिलिमीटरच्या थोडी वर जाडी होते. टेबल कलतं असेल तर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार, आणि मग वलय गोल न राहता पेरूसारखं होतं. ओतण्याआधी टेबलावर गवंड्याची पाणसळ ठेवून बघा.

मे महिना आणि वीज

साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं. खोलीच ४२-४३ अंशांवर असली की तो ३० वर कसा ठेवणार? दिवा बंद असतो, आकडा चढलेला असतो आणि लॅक्टोकॉकस आत गुदमरतो. त्याला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं, ४५ अंशांना तो वाढत नाही. उलट दह्यातले स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस ४२ ते ४५ ला खूश असतात. घरच्या दह्यात उन्हाळ्यात कोणाचं पारडं जड होतं ते यावरून समजेल. डिसेंबरच्या आणि मेच्या विरजणाची वलयं वेगळी दिसली, तर तो प्रयोगाचा दोष समजू नका.

बीओडी इन्क्युबेटर असेल तर प्रश्न मिटतो, कारण त्याला थंडही करता येतं. नसेल तर उन्हाळ्यात ३० अंशांचे प्रयोग सोडून ४२ चे करा. थर्मोफिलस घ्या. मात्र ३० च्या तुलनेत ४२ ला प्रसरण साधारण ३० टक्क्यांनी जलद होतं, म्हणून फोटो अलीकडच्या वेळेला घ्या. लोडशेडिंगसाठी इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कायमच्या ठेवून द्या. वीज गेली तरी आतलं तापमान लवकर पडत नाही.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत प्लेट भराभर सुकते. आगार आकसतो आणि कड सुटते. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओला कापूस ठेवून प्लेट त्यात उलट्या ठेवा. आणि कूलरच्या झोतासमोर प्लेट ओतू नका. एक बाजू आधी गोठते आणि बुरशीचे बीजाणू फुकटात येतात.

वलय पिवळं झालं आणि पुन्हा जांभळं झालं

प्लेट जुनी झाल्यावर कडेनं जांभळा रंग परतायला लागला तर समजा की पाहुणे आले आहेत. घरच्या दह्यात यीस्ट असतेच असते. ती लॅक्टिक आम्लच खाते आणि पीएच वर नेते. पिकवलेल्या चीजच्या पृष्ठभागावर यीस्ट हेच काम करते आणि तिथे ते हवंच असतं. दुसरा पाहुणा बॅसिलस. तो प्रथिनं फोडतो, अमोनिया सोडतो. यीस्टची कॉलनी फुगीर, मळकट पांढरी आणि मंद वासाची असते. बॅसिलसची पसरट, कोरडी, सुरकुतलेली. सूक्ष्मदर्शकाखाली मिथिलीन ब्ल्यू लावून एक नजर टाकली की शंका उरत नाही. यातून निघायचं तर विरजण सरळ पेरायचं सोडा. एकच कॉलनी उचलून दोनदा रेघोट्या ओढून शुद्ध करा आणि मगच टिपका द्या.

फोटोतून आकडे काढताना

ब्रोमोक्रेसॉल पर्पलचं पिवळं रूप ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि जांभळं रूप ५९० च्या आसपासचा पिवळा-नारिंगी. म्हणून फोटोतल्या हिरव्या आणि निळ्या रंगांच्या किमतींचं गुणोत्तर काढलं की पीएचचा चांगला माग लागतो. गुणोत्तर घेतल्यानं प्रकाश थोडा कमीजास्त झाला तरी फारसं बिघडत नाही.

बिघडवतो तो फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स. प्लेट जशी पिवळी होते तसा फोन "प्रकाश पिवळा झाला" असं समजून रंग सावरून घेतो, आणि नेमका आपल्याला हवा असलेला बदल पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि आयएसओ तिन्ही बांधून ठेवा. रॉ फाइल मिळत असेल तर तीच घ्या. जेपेगमध्ये उजेडाची मोजपट्टी सरळ रेषेत नसते.

प्रकाशासाठी आमच्याकडे साधा पांढऱ्या एलईडीचा डबा आहे. वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणि वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. थेट विजेवर लावला की दाब खालीवर होतो आणि फोटोत पट्टे येतात. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, उतरत्या बॅटरीवर दिवा मंदावत जातो. पिवळा बल्ब नको, त्याच्यात निळा प्रकाशच फार कमी असतो. प्लेट उलटी ठेवून तळातून फोटो घ्या. झाकण उघडावं लागत नाही आणि वाफेचे थेंब मध्ये येत नाहीत. प्लेट न ठेवता रिकाम्या डब्याचाही एक फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोला त्यानं भागा, म्हणजे डब्याच्या कडेचा अंधार आम्ल म्हणून मोजला जाणार नाही. हे भागाकार इमेजजे या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होतात.

कॅलिब्रेशन, म्हणजे रंगावरून पीएच ठरवायची मोजपट्टी, छापील रंगतक्त्यावरून करू नका. त्याच बाटलीतलं माध्यम छोट्या वाट्यांत घेऊन पीएच ५.० पासून ७.० पर्यंत पायऱ्या करा, प्रत्येकीचा पीएच मीटरनं मोजा आणि त्या वाट्या फोटोच्या चौकटीतच प्लेटशेजारी ठेवा. वाटीतल्या माध्यमाची जाडी प्लेटइतकीच हवी. दुधाचं आगार वापरत असाल तर हे फारच गरजेचं आहे. केसीन रंगाला धरून ठेवतं आणि पाण्यातल्या बफरवर केलेलं कॅलिब्रेशन तिथे खोटं ठरतं.

एवढं करूनही एक मर्यादा राहते. वरून किंवा खालून घेतलेला फोटो आगारच्या सगळ्या जाडीची सरासरी दाखवतो, आणि खुद्द कॉलनी पांढरी, अपारदर्शक असल्यानं तिच्या आतलं काहीच कळत नाही. खोलीतला उतार पाहायचा तर आडवा काप घ्या. नवं ब्लेड कॉलनीच्या मधोमध सरळ खाली दाबा, त्याला समांतर दोन मिलिमीटरवर दुसरा काप द्या आणि ती पट्टी उचलून काचपट्टीवर कुशीवर निजवा. वर कॉलनीची पांढरी टोपी, तिच्या खाली पिवळी वाटी, वाटीच्या कडेला बोटाच्या नखाएवढीही नसलेली करडी-हिरवी पट्टी आणि खाली जांभळा तळ. वरून जे वलय सेंटिमीटरभर रुंद दिसत होतं ते तळाशी किती अरुंद आहे, हे इथे कळतं. प्लेट जुनी असेल तर पिवळा रंग तळापर्यंत पोचलेला दिसतो. फोटो दोन-तीन मिनिटांत उरकायचा. मिलिमीटरला आठ मिनिटं हा हिशोब इथेही चालू असतोच.

पनीर आणि चक्क्यात ग्रेडियंट (पीएचचा उतार) सापडत नसेल तर

आमच्या भागात बचत गटाच्या बायका पनीर आणि चक्का करतात. आपल्या विद्यार्थ्यांनी तिथलेच नमुने तपासावेत असं मला मनापासून वाटतं. मात्र प्लेटवरची अपेक्षा तिथे नेऊ नका. अशा पदार्थात जिवाणू एकेका जागी अडकून वाढतात आणि कॉलन्या शेदीडशे मायक्रोमीटरच्या आत राहतात. ५० मायक्रोमीटर अंतर आम्ल साधारण एका सेकंदात पार करतं. कॉलनी जितक्या वेगानं आम्ल करते त्याच्या कितीतरी पट वेगानं ते वाहून जातं, आणि भोवती प्रथिनांचा बफर असतोच.

एवढा सूक्ष्म उतार शोधायला मोठ्या प्रयोगशाळांत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (नमुन्याचा एकेक पातळ थर दाखवणारा) आणि सी-स्नार्फ-४ सारखा प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणारा, रंग वापरतात. ५८० आणि ६४० नॅनोमीटरच्या प्रकाशांचं गुणोत्तर घेतात, म्हणजे आपल्या हिरव्या-निळ्याच्या हिशोबाचंच तत्त्व. २००० साली लॅक्टोबॅसिलस कर्व्हाटसच्या कॉलन्यांत अशा गुणोत्तरानं पीएचचे ग्रेडियंट मोजले गेले. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी नमुन्यादाखल केलेल्या चीजमध्ये लॅक्टोकॉकसच्या कॉलन्यांभोवती पाहिलं, तेव्हा असे सूक्ष्म ग्रेडियंट आढळले नाहीत. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. जिवाणू, कॉलनीचा आकार आणि भोवतालचा बफर बदलला की उत्तर बदलतं.

तेव्हा पनीरच्या कापावर वलय दिसलं नाही तर विद्यार्थ्याला नोंदवहीत "आढळला नाही" असंच लिहू द्या. सोबत कॉलनीचा व्यास, माध्यमाचा किंवा पदार्थाचा पीएच, पाण्याची क्षारता, पेरल्यापासूनचे तास आणि तापमान लिहायला लावा. थेंबाच्या चाचणीचा फोटोही त्याच पानावर चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना प्लेट आणि पाणी त्या दिवशी कसं होतं ते कळेल.